सातवं कलम

"मुलं झाली तर त्यांचा स्वीकार कराल ना?" फादर सिल्वेस्टरनी मला विचारलं, तेव्हा मी एकोणसाठ वर्षांची होते आणि नवरामुलगा त्रेसष्टचा.

मी फादरांच्या तोंडाकडे बघितलं. चेष्टा करतायत असं काही दिसलं नाही. पुढ्यात छापील कागद होता, हातात पेन होतं, आणि टेबलावर बायबल होतं. त्याच्यावर हात ठेवून मी नुकतीच खरं बोलायची शपथ घेतली होती.

"झालं तर पेपरात छापून आणेन, फादर."

"मावशी, इथे 'हो' किंवा 'नाही' एवढीच जागा आहे."

"मग 'हो' लिहा. बायबलातल्या साराला नव्वदीत मुलगा झालाच की."

"साराही आधी हसलीच होती," फादर म्हणाले आणि मान खाली घालून लिहायला लागले. खांदे मात्र त्यांचे हलत होते.

आमच्या वसईकडच्या देवळांत, म्हणजे चर्चमध्ये, लग्नाआधी दोघांना वेगवेगळं बोलावून असं विचारतात. नात्यातले नाही ना, आधीचं माणूस हयात नाही ना, कुणी जबरदस्ती केली नाही ना, जन्मभरासाठी करताय ना. याच खोलीत, एकोणिसाव्या वर्षी, मी एकदा या सगळ्याला उत्तरं देऊन गेले होते. तेव्हा म्हातारे फादर होते आणि बाहेर व्हरांड्यात माझे बाबा खोकत बसले होते. मी इतकी घाबरले होते, की प्रत्येक प्रश्नाला 'हो' म्हणत सुटले. 'कुणी जबरदस्ती केली का?' यालाही 'हो'च म्हणाले. फादरनी चष्म्यावरून बघितलं, व्हरांड्याकडे बघितलं आणि प्रश्न पुन्हा विचारला. मग मी बरोबर 'नाही' म्हणाले.

"आता शेवटचं," फादर सिल्वेस्टर म्हणाले. "कुठली अट घालून लग्न करताय का?"

"मास्तर वांगं खाणार नाही म्हणतात. ती अट धरायची का?"

"ती नको. लेखी वगैरे काही?"

इथे मी जरा अडखळले. शपथ घेतली होती.

"लेखी आहे. मुलांनी वकिलाकडून करार करून घेतलाय. त्यांनीच बसून ठरवला, मी अजून वाचलेलासुद्धा नाही."

फादरनी पेनाचं टोपण लावलं. "येत्या रविवारी दुसऱ्या मिस्साची प्रार्थना संपली की या. तो कागद घेऊन. आणि मुलांनाही घेऊन."

मी नातालीन मच्याडो. नाताळाच्या दिवशी जन्मले म्हणून हे नाव. लग्नाचे गाऊन शिवते. आमच्या बाजूच्या निम्म्या नवऱ्या माझ्या शिलाईत देवळाची पायरी चढल्या असतील. इझिदोर आल्मेडा यांचा लग्नाचा बँड होता. ते स्वतः क्लॅरिनेट वाजवायचे, म्हणून सगळे त्यांना मास्तर म्हणायचे. म्हणजे कित्येक वर्षं आम्ही दोघं त्याच त्या लग्नांना जात होतो. मी आत नवरीच्या पायाशी टाचण्या तोंडात धरून बसलेली आणि ते बाहेर अंगणात गाल फुगवून उभे. माझा नवरा बस्त्याव जाऊन बरीच वर्षं झाली होती. त्यांची बायको आजारपणात गेली होती.

एका लग्नात नवरीच्या गाऊनची चेन ऐन वेळी तुटली. माणसं अंगणात जमलेली, गाडी उभी, आणि मी नवरीला गाऊनमध्ये जिवंत शिवत होते. मास्तरांना कुणीतरी खूण केली, की वाजवत राहा. त्यांनी एकच गाणं इतक्या वेळा वाजवलं, की शेवटी म्हाताऱ्या बायकासुद्धा गुणगुणायला लागल्या. वरात निघाल्यावर ते घाम पुसत माझ्याजवळ आले.

"बाई, दोरा केवढा लांब होता तो?"

"तुमच्या दमाएवढा," मी म्हणाले.

पुढच्या आठवड्यात ते माझ्या दुकानात शर्टाला बटण लावायला आले. त्याच्या पुढच्या आठवड्यात दुसरा शर्ट. मग बँडचा कोट. मी गाऊन शिवणारी बाई. बटणं लावायचा धंदा माझा नव्हे, पण लावत गेले. एका पावसाळ्यात माणसाची इतकी बटणं तुटत नाहीत, एवढं मलाही कळत होतं. दिवाळीच्या सुमारास ते रिकाम्या हाताने आले आणि दारात उभे राहिले.

"काय झालं, मास्तर?"

"बटणं संपली," ते म्हणाले. "आता काय निमित्त काढू ते तूच सांग."

असं आमचं ठरलं.

माझा नेल्सन बांधकामाच्या सामानाचं दुकान चालवतो. स्टेशनजवळ फ्लॅटमध्ये राहतो. त्याला सांगितलं तेव्हा तो आधी म्हणाला, "आई, या वयात?" आणि चहा संपायच्या आत म्हणाला, "मग घराचं काय?" घर माझं, माझ्या शिलाईवर बांधलेलं, पुढच्या खोलीत दुकान. ते पाडून तिथं चार मजले चढवायचं त्याच्या मनात होतं. मास्तरांची लिओना शाळेत शिकवायची. तिने वडिलांना विचारलं, "मग वाडीचं काय?" वाडी म्हणजे नारळाची झाडं, केळी, विहीर आणि मध्ये त्यांचं कौलारू घर.

नेल्सन आणि लिओना पहिल्यांदा भेटले तेव्हा मांजरांसारखे एकमेकांकडे बघत होते. पण आम्हा दोघांवर विश्वास ठेवायचा नाही, यावर दोघांचं एकमत निघालं आणि मग त्यांचं असं जमलं, की सख्खी भावंडं काय असतील. वकील एकत्र गाठला, कागद एकत्र केला. वकिलाने प्रामाणिकपणे सांगितलं होतं, की असला करार कोर्टात किती टिकेल ते सांगता येत नाही. तरी दोघांनी केलाच. माणसाला कागद हातात असला की बरं वाटतं.

रविवारी दुसऱ्या मिस्सानंतर आम्ही चौघं फादरांच्या टेबलासमोर बसलो. मास्तर इस्त्रीचा शर्ट घालून आले होते, बटणं सगळी जागच्या जागी.

नेल्सनने सुरुवातीलाच तोंड उघडलं. "फादर, मी म्हणतो, एवढी भानगड कशाला? दोघांनी आधी कोर्टात जाऊन रजिस्टर लग्न करावं. तिथे करारबिरार चालतो. देवळातलं मागाहून बघता येईल."

"आणि मधल्या दिवसांत मी कोण?" मी विचारलं. "सरकारच्या घरी बायको आणि देवळात विधवा?"

"तुझी आई बरोबर बोलतेय," फादर म्हणाले. "कोर्टाने लावलेलं लग्न सरकारच्या लेखी लग्नच आहे, त्याला मी नाव ठेवत नाही. पण कॅथलिक माणसाचं लग्न वेदीसमोर लागतं. त्याशिवाय दोघं एकत्र राहिली, तर मी त्यांना मिस्सात कम्युनियनचा प्रसाद देऊ शकत नाही."

मग लिओनाने हात वर केला. शाळेची सवय. "फादर, मग उलट करू. देवळात आशीर्वाद द्या, पण सरकारी नोंद करू नका. म्हणजे वारसाहक्काचा प्रश्नच येणार नाही."

"लिओना, लग्न लावायचा परवाना सरकारने दिलाय मला. लावलं की त्याची नोंद सरकारकडे पाठवायची असते. देवाला सांगायचं आणि सरकारपासून लपवायचं, असं मला करता येत नाही. गुपचूप लग्न लावायला बिशपांची परवानगी लागते, आणि वाडीच्या वाटणीसाठी ते ती देतील असं मला वाटत नाही." फादरनी हात पुढे केला. "तो कागद द्या."

ते मोठ्याने वाचत गेले. पहिलं कलम, ज्याची मालमत्ता त्याच्या मुलांना. "हे ठीक. आधीच्या लेकरांची सोय आईबापांनी करावी. देवळाला यात काही वावगं वाटत नाही." दुसरं तसंच. तिसऱ्यात शिलाईमशीन माझं आणि क्लॅरिनेट मास्तरांचं असं लिहिलं होतं.

"ही भीती कुणाला होती?" फादरनी विचारलं. "मावशी क्लॅरिनेट वाजवतील अशी?"

कुणी हसलं नाही. मी हसले.

पाचव्यात, आजारपणाचा खर्च ज्याच्या त्याच्या मुलांनी करायचा, असं होतं.

"आणि उशाशी पाण्याचा तांब्या कुणी ठेवायचा?"

"ते लिहिलेलं नाही, फादर," लिओना म्हणाली.

"बरं झालं. तेवढं तरी यांच्याकडे राहू दे."

सातव्या कलमाशी मात्र ते थांबले. एकदा मनात वाचलं, मग आम्हाला वाचून दाखवलं. 'उभयतांचे न पटल्यास, विशेषतः श्रीमती नातालीन यांची तशी इच्छा झाल्यास, त्या कोणत्याही वेळी, कोणतेही कारण न देता, हा विवाहसंबंध संपुष्टात आणून आपल्या घरी परत जाण्यास मोकळ्या राहतील. श्री. इझिदोर त्यास हरकत घेणार नाहीत.'

मला वाटलं, ही मला घालवून द्यायची सभ्य सोय केलेली आहे.

फादरनी कागद टेबलावर ठेवला. आता त्यांचा आवाज चेष्टेचा नव्हता. "आधीची कलमं मालमत्तेची आहेत. हे लग्नाचं आहे. जमलं नाही तर संपवू, असं आधी ठरवायचं आणि मग वेदीसमोर 'जन्मभर' म्हणायचं. म्हणजे वेदीसमोर खोटं बोलायचं. खरोखर हे मनात धरून तुम्ही 'हो' म्हणालात, तर देवळाच्या लेखी ते लग्न लागतच नाही. मी आशीर्वाद दिला, बँड वाजला, तरी लागत नाही. कुणी घातलं हे?"

मी नेल्सनकडे बघितलं. तोंड उघडायच्या तयारीतच होते मी.

"आई, शपथेवर सांगतो, मी नाही," नेल्सन म्हणाला. "मला वाटलं हिने घातलं."

"मी कशाला घालू?" लिओना उसळली. "मला वाटलं याचं आहे. मी म्हटलं, असू दे, आईची काळजी दिसते."

मास्तर खिडकीबाहेर बघत होते.

"मी घातलं," ते म्हणाले. "वकिलाकडे एकटा जाऊन आलो होतो."

"डॅडी!" लिओना म्हणाली.

मी उठले. पर्स उचलली. "मास्तर, मला घालवायची एवढी घाई होती तर बटणं तरी कशाला लावून घेतलीत?" एवढं बोलून मी बाहेर पडले. मागून फादरांनी हाक मारली ती ऐकली, पण वळले नाही. देवळाच्या आवारात बायका उभ्या होत्या. त्यांना माझ्या लग्नाची कुणकुण लागलेली होतीच. त्यांच्यामधून मी अशी ताठ चालत गेले, की एकीने नंतर विचारलं, पाठीला उसण भरली होती का.

दोन दिवस मी कुणाशी बोलले नाही. नेल्सनचे फोन आले, ते घेतले नाहीत. एका मुलीचा गाऊन द्यायचा होता, त्याची तुरपाई करत बसले. पांढरं कापड मांडीवर घेऊन बसलं की माझं डोकं शांत होतं. त्या दोन दिवसांत नाही झालं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मास्तर आले. उंबऱ्याबाहेरच थांबले.

"आत येऊ?"

"दार उघडंच आहे. तुमच्या कलमासारखं."

ते आत येऊन स्टुलावर बसले. बोलणारं माणूस नव्हतंच ते. सगळा दम क्लॅरिनेटमध्ये जायचा.

"मला सोडून जायची तयारी आधीच करून ठेवलीत," मी म्हणाले. "वर माझ्या नावावर. 'श्रीमती नातालीन यांची इच्छा झाल्यास.' वा!"

"मी जाणार असं कुठे लिहिलंय त्यात?"

"मग?"

"तू जाऊ शकशील असं लिहिलंय."

मी तुरपाई थांबवली नाही. "मला कुठे जायचंय?"

मास्तरांनी स्टूल जरा पुढे ओढलं. "देवळाच्या सणाचा दिवस होता. मी तेव्हा दुसऱ्याच्या बँडमध्ये होतो, पोरगाच होतो. मिरवणूक तुमच्या जुन्या घरावरून गेली. सगळा गाव रस्त्यावर. तुमच्या दाराला बाहेरून कडी होती. मला वाटलं, घरात कुणी नाही. मग खिडकीत तू दिसलीस. कडेवर पोर होतं."

सुई हातातच राहिली.

मला वाटत होतं, कुणालाच माहीत नाही. बस्त्यावने मला कधी मारलं नाही. चारचौघांत तो हसतमुख होता. देवळाच्या कामाला पुढे असायचा, मेला तेव्हा माणसं रडली. पण लग्नानंतर वर्षभरात एकदा भांडण झालं आणि मी माहेरी गेले. त्याच संध्याकाळी माझ्या बाबांनीच मला परत आणून सोडलं. त्यानंतर बस्त्याव बाहेर जाताना कडी लावून जायला लागला. भांडून नव्हे, शिव्या देऊन नव्हे. सायकल काढायचा, कडी लावायचा, जायचा. माझी सासू हयात असती तर कदाचित बोलली असती. शेजारी बोलले नाहीत. कितीतरी वर्षं हे चाललं आणि मग हळूहळू थांबलं, कारण मला गिऱ्हाइकं यायला लागली, आणि गिऱ्हाईक कडी लावलेल्या दाराशी येत नाही. मी ही गोष्ट कधी कुणाला सांगितली नव्हती. फादरांपुढच्या पापांच्या कबुलीतसुद्धा नाही. कारण ते माझं पाप नव्हतं.

"तुम्ही काय केलंत तेव्हा?" मी विचारलं.

"वाजवत पुढे गेलो."

"कडी काढता आली असती."

"आली असती," मास्तर म्हणाले. परक्या घरची बाब होती, तो काळ वेगळा होता, असलं एक अक्षर त्यांनी काढलं नाही.

मग म्हणाले, "वकिलाला मी सांगितलं, माझ्या घरात येणाऱ्या बाईला जायचं असलं तर जाता आलं पाहिजे. त्याने त्याच्या भाषेत लिहिलं. ते देवळात चालत नाही, हे मला ठाऊक नव्हतं."

"मी नाही जाणार, हे ठाऊक नव्हतं का?"

"नको होतं ठाऊक," ते म्हणाले. "ठाऊक असलं, की माणूस कडी लावल्यासारखाच वागायला लागतो."

ते गेल्यावर मी गाऊन उचलून बघितला, तर घेराला अस्तर शिवून टाकलं होतं. हातभर तुरपाई उसवावी लागली.

फादरांकडे मी एकटी गेले. त्यांनी नवा कोरा कागद काढला, बायबल पुढे सरकवलं आणि पहिल्यापासून विचारायला लागले. मी म्हणाले, "फादर, थांबा. मागच्या वेळी मी या खोलीत उत्तरं दिली, तेव्हा बाबा बाहेर बसले होते." आणि मग मी त्यांना सगळं सांगितलं. सायकल, कडी, खिडकी, सगळं.

माझं झाल्यावर फादर उठले, दाराबाहेर जाऊन व्हरांड्याच्या दोन्ही टोकांना बघून आले आणि पुन्हा खुर्चीत बसले.

"आज कुणी नाही, मावशी. सावकाश बोला."

"मला एकच सांगा. हे कलम काढलं आणि उद्या मास्तर बदलले, तर तुमचं देऊळ मला काय सांगणार? बस आत?"

"नाही," फादर म्हणाले. "नवरा बायकोच्या जिवावर उठला, तिला कोंडलं, छळलं, तर तिने वेगळं राहावं. देऊळ अडवत नाही. तेव्हाही अडवलं नसतं. लग्न राहतं, दुसरं करता येत नाही, पण त्या घरात राहायची सक्ती नाही. हे तुम्हाला तेव्हा कुणीतरी सांगायला हवं होतं." त्यांनी पेन खाली ठेवलं. "आमच्यापैकी कुणीतरी."

मी पदर डोळ्यांना लावला. फादर खिडकीकडे बघत राहिले. खाली मुलं मैदानात फुटबॉल खेळत होती.

"मग सातवं कलम काढून टाका," मी म्हणाले. "मला जायचं ठरवून यायचं नाही. पण त्या जागी दुसरं घाला. मी जिवंत आहे तोवर माझं घर विकायचं नाही, पाडायचं नाही, भाड्याने द्यायचं नाही. मला वाटलं तर मी तिथे बसून शिवेन. वाटलं तर झोपेन. वाटलं तर रुसून जाऊन बसेन."

"रुसायला देवळाची हरकत नाही," फादर म्हणाले. "फक्त 'कोणतेही कारण न देता' एवढं नको. नवऱ्याला कारण कळू दे बिचाऱ्याला."

मग त्यांनी पेन उचललं. "कुणी जबरदस्ती केली आहे का?"

"नाही."

"जन्मभरासाठी करताय?"

"आता जन्म उरलाय केवढा! पण हो. सगळ्यासाठी."

त्यांनी लिहिलं, आणि पुढच्या प्रश्नावर पेन थांबलं. माझ्याकडे न बघता म्हणाले, "मुलांचं मागचंच उत्तर ठेवतो."

नवा कागद करून आणला तो सह्यांसाठी माझ्याच दुकानात कापायच्या टेबलावर पसरला. मला धास्ती नेल्सनची होती. त्या चार मजल्यांचा नकाशासुद्धा त्याने काढून घेतलेला होता. मी त्याला कारण सांगणार नव्हते. बाप कसा का असेना, मुलाच्या मनातला बाप मी कशाला बिघडवू? मी आपली म्हणाले, "माझं मशीन इथे आहे. ते हलवायचं नाही मला."

नेल्सनने नवीन कलम वाचलं. पुन्हा वाचलं. एरवी बिलावर सही करायलाही तो घासाघीस करतो. त्याने पेन घेतलं आणि सही केली. मग उठून दाराशी गेला, कडी वरखाली करून बघितली.

"ही आतून नीट बसत नाही," तो म्हणाला. "माणूस पाठवतो उद्या. आणि बाहेरची काढून टाकायला सांगतो. काही उपयोग नाही तिचा."

मी त्याच्या पाठीकडे बघत राहिले. तेव्हा कडेवर असलेलं पोर ते हेच. लिओनाने काही न कळून माझ्याकडे बघितलं. तिला मी चहा टाकायला सांगितला.

तीन रविवार देवळात आमची नावं पुकारली गेली. कुणाला काही हरकत असल्यास कळवावं, असं फादर वेदीवरून म्हणाले की मागच्या बाकांवरून खुसखुस ऐकू यायची. हरकत कुणी घेतली नाही. मास्तरांच्या बँडमधल्या पोरांनी मात्र विचारलं, "मास्तर, तुमच्या लग्नात क्लॅरिनेट कोण वाजवणार?" शेवटी मास्तरच वाजवत देवळापर्यंत आले, दारात वाद्य लिओनाच्या हातात दिलं आणि आत शिरले. मी निळी साडी नेसले होते. गाऊन मी फार शिवले, घालायची हौस उरली नव्हती. फादरनी विचारलं तेव्हा मी 'हो' इतक्या जोरात म्हणाले, की गायनमंडळातली एक पोरगी फिसकन हसली.

त्याला आता अकरा वर्षं होऊन गेली. मास्तर शांत माणूस, पण हट्टी. डॉक्टरांनी छातीसाठी वाजवणं बंद करायला सांगितलं, तरी एका लग्नाला चोरून वाजवून आले. मी क्लॅरिनेट तांदळाच्या पिंपात लपवलं. त्यांनी ते शोधून काढलं आणि माझ्यावर ओरडले. पहिल्यांदाच. मीही ओरडले. मग चपला घातल्या आणि भर दुपारी माझ्या घरी निघून आले. कारण देऊन आले. वाडीतल्या सगळ्या झाडांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने दिलं होतं.

दार आतून लावून घेतलं आणि मशीनवर बसले. बसले खरी, पण कान रस्त्याकडे. कुणाची पावलं वाजली की मशीन थांबवायची. आता येतील, मला ओढून न्यायला. मग वाटलं, आता येतील, माफी मागायला. मग नुसतंच वाटायला लागलं, आता येतील. शेजारची बाय कढीपत्ता मागायला येऊन गेली. मास्तर काही आले नाहीत. तास गेले तसा मला पहिल्या भांडणापेक्षा या न येण्याचाच राग यायला लागला. शेवटी दिवेलागणीला मशीनवर कापड टाकलं, दार ओढून घेतलं आणि तणतणत वाडीकडे निघाले.

मास्तर ओट्यावर बसले होते. मी आल्याचं बघून उठले.

"न्यायला का नाही आलात?" मी ओरडलेच.

"आलो असतो, तर तू म्हणाली असतीस, ओढून न्यायला आलो."

"म्हणाले असतेच!"

"म्हणून नाही आलो."

मी पाय धुतले आणि आत गेले. चुलीशी दोन पानं मांडलेली होती. मास्तरांना भात येत नाही. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण भाताच्या वाट्याला ते कधी गेले नव्हते. पातेलं उघडून बघितलं तर दोघांचा टाकलेला.

"मी आले नसते तर?" मी विचारलं.

"तर उद्या सकाळी खाल्ला असता मी. शिळा."

मी वाढलं. आम्ही जेवलो. भात कच्चा होता. मी पहिला घास घेतला, त्यांनी माझ्याकडे बघितलं, आणि मी दुसरा घेतला.